खासगी विहिरींचे पाणी तपासायचे कोणी? पुण्याच्या पाणीपुरवठा आणि आरोग्य यंत्रणेस खुले पत्र

प्रति,
पुणे शहर व लगतच्या गावांतील पाणीपुरवठ्याची आणि सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी सांभाळणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस

विषय : खासगी विहिरी व बोअरच्या पाण्याची जिवाणू तपासणी

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वस्तीतल्या विहिरीच्या कठड्यावर एक छापील कागद चिकटवण्यात आला. ‘या विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरू नये’ एवढेच वाक्य त्यावर होते. तारीख नव्हती, पाणी तपासल्याचा उल्लेख नव्हता आणि चौकशी कोणाकडे करायची हेही लिहिलेले नव्हते. कागद लावायला आलेल्या कर्मचाऱ्यांनी सांगितले की, सगळ्याच खासगी विहिरींवर तो लावण्याच्या सूचना आहेत. नमुना घ्यायला मात्र त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. पहिल्या दोन-चार सरींतच तो कागद वाहून गेला. विहिरीवरचा पंप आजही रोज सुरू होतो, कारण ज्यांच्या घरी नळाचे पाणी पुरत नाही त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नाही. पाणी न तपासता त्यावर बंदीचा कागद लावणे ही जबाबदारी पार पाडणे आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. आणि ते सर्वांना वाचता यावे म्हणून खुले ठेवत आहे.

मी सिंहगड रस्त्याच्या परिसरात, शहराच्या हद्दीत उशिरा आलेल्या एका गावठाणात राहते. ही विहीर माझ्या आजेसासऱ्यांनी खणली. आज ती कागदोपत्री आमच्या कुटुंबाची असली तरी तिचे पाणी आमच्या भाऊबंदांची घरे, मागच्या चाळीतली भाडेकरू कुटुंबे आणि उन्हाळ्यात शेजारची एक छोटी सोसायटी असे सगळे वापरतात. नोकरीची सर्व वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. गेल्या पावसाळ्यात चाळीतल्या दोन मुलांना लागोपाठ जुलाब सुरू झाले आणि त्यातल्या धाकटीला सलाइनवर ठेवावे लागले, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाणी कुठले पिता हाच केला. ती मुलगी आमच्या ओट्यावर खेळणारी आहे. तिच्या आजारपणाचे कारण विहीरच होती असे मी म्हणणार नाही, कारण ते कोणी तपासलेच नाही, आणि माझी तक्रारही नेमकी तीच आहे.

हा प्रश्न आमच्या एका वस्तीपुरता नाही, हे आपणास वेगळे सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यालगतचे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी आणि सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या ‘जीबीएस’चे रुग्ण अचानक वाढले. पुणे परिसरातील संशयित आणि निश्चित रुग्ण मिळून संख्या दोनशेच्या पुढे गेली, काही जणांचा जीव गेला, आणि कित्येक जण आठवडे न् आठवडे अतिदक्षता विभागात पडून राहिले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा हा जिवाणू पाणी उकळल्याने किंवा योग्य मात्रेच्या क्लोरिनने सहज मरतो. त्या दिवसांत विहिरी, टँकर आणि खासगी आरओ प्रकल्प यांचे नमुने घेतले गेले, पाणी उकळून पिण्याचे आवाहन झाले, घरोघरी सर्वेक्षण झाले. यंत्रणेने मनावर घेतले की काय होऊ शकते हे आम्ही तेव्हा पाहिले आहे. साथ ओसरल्यावर आमच्या विहिरीचा नमुना घ्यायला पुन्हा कोणी आलेले नाही.

पुण्याच्या जमिनीचा विचार केला तर ही ढिलाई अधिकच धोक्याची वाटते. आपण सारे काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर राहतो. वाळूच्या जाड थरातून पाणी हळूहळू झिरपते तेव्हा ते बऱ्यापैकी गाळले जाते; बेसाल्टमध्ये मात्र पाणी खडकाच्या भेगांतून आणि सांध्यांतून वाहते, आणि भेगेतून वाहणाऱ्या पाण्याला गाळणी मिळत नाही. वरचा मातीचा थर पातळ असेल तर फुटलेल्या ड्रेनेजचे किंवा शोषखड्ड्याचे पाणी पहिल्या मोठ्या पावसानंतर थोड्याच दिवसांत शेजारच्या विहिरीत उतरू शकते. पिण्याच्या पाण्याची विहीर शौचालय, गोठा, शोषखड्डा यांपासून किमान १५ मीटर दूर असावी, तिचे बांधकाम वरून साधारण ६ मीटरपर्यंत पाणी न झिरपणारे असावे, भोवती निदान १ मीटर रुंदीचा सिमेंटचा ओटा आणि सांडपाण्याला वाट असावी, असे सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेले आहे. आमची विहीर खणली तेव्हा आसपास ज्वारीची शेते होती. आज तिच्यापासून पंधरा मीटरच्या आत कोणाकोणाचे सेप्टिक टँक आहेत, हे विहिरीच्या मालकालाही माहीत नसते. त्या बांधकामांना परवानगी मालकाने दिलेली नाही, आणि ती झाली तेव्हा त्याला कोणी विचारलेलेही नाही. मग दूषित पाण्याचा सगळा भार एकट्या मालकावर टाकणे कोणत्या न्यायाने योग्य ठरते?

आता माझ्या तक्रारी मांडते.

सर्वांत मोठी तक्रार ‘खासगी विहीर आमच्या कक्षेत येत नाही’ या उत्तराविषयी आहे. हे उत्तर मला एकापेक्षा अधिक कार्यालयांत, जवळजवळ त्याच शब्दांत मिळाले. गाव ग्रामपंचायतीत होते तेव्हाची व्यवस्था आठवून पाहा. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा सार्वजनिक जलस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होत असे आणि धोक्यानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळत असे. लाल कार्ड मिळाले की सरपंचांना ग्रामसभेत उत्तर द्यावे लागे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, बादली घेऊन निघे, तेव्हा आमची विहीर खासगी असूनही तिच्यात पावडर टाकून जाई, कारण तिचे पाणी निम्मी आळी पिते हे त्याला ठाऊक होते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे शहरात आली. त्यांच्याबरोबर त्यांच्या विहिरीही शहरात आल्या, पण गावाकडची ही पद्धत मात्र वेशीवरच राहिली. जिल्ह्यातील खेड्यात आजही कार्ड पाहून पाण्याची स्थिती कळते. शहरात येऊन आमची परिस्थिती त्याहून वाईट व्हावी, हे मला मान्य नाही.

दुसरी तक्रार नमुन्याविषयी आहे, आणि तिच्यावर मी थोडे सविस्तर लिहिते, कारण तपासणीचा सारा खेळ नमुना कसा घेतला यावर असतो. जिवाणू तपासणीसाठी निर्जंतुक केलेलीच बाटली लागते. क्लोरिन टाकलेल्या पाण्यासाठी तिच्यात क्लोरिन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते, म्हणून ती विसळायची नसते. नळाचा नमुना असेल तर तोटी पुसून, शक्यतो आचेने निर्जंतुक करून, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यायचे. विहिरीचा असेल तर वजन बांधलेली बाटली दोरीने पाण्यात सोडायची. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचे नाही, बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, आणि ती बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायची. हे सर्व एखाद्या रिक्षाचालकाने किंवा घरकाम करणाऱ्या बाईने कोठून जाणून घ्यावे? आमच्या शेजारच्या काकूंनी शीतपेयाची रिकामी बाटली धुऊन तीत पाणी भरले, दुसऱ्या दिवशी पीएमपीच्या बसने जाऊन एका खासगी प्रयोगशाळेत दिले. तिथे ते घेतले गेले, पैसे घेतले गेले आणि अहवालही मिळाला. पाणी कधी भरले, कशात भरले, याची विचारणा झाली नाही. अशा नमुन्यावरून चांगले पाणी वाईट ठरू शकते आणि वाईट पाणी चांगले. दुसऱ्या एका ठिकाणी शुक्रवारी नमुना स्वीकारत नाहीत, कारण ४८ तासांचे निरीक्षण रविवारी येते. ही अडचण खरी आहे. पण ती दारावर लिहिलेली नव्हती, आणि त्यासाठी ज्याने कामाचा खाडा केला त्याची मजुरी बुडाली.

यावर कोणी म्हणेल की पुण्यात सोयी नाहीत. उलट, राज्यात सोयी कुठे असतील तर त्या पुण्यात आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय याच शहरात आहे, राज्य आरोग्य प्रयोगशाळा इथे आहे, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था इथे आहे. त्यांच्यात आणि आमच्या विहिरीत अंतर आहे ते एका निर्जंतुक बाटलीचे आणि ती वेळेत नेऊन देणाऱ्या माणसाचे.

तिसरी गोष्ट अहवालाची. काकूंना मिळालेला अहवाल माझ्यासमोर आहे. एका पानावर इंग्रजीत एक कोष्टक, त्यात ‘एमपीएन प्रति १०० मिली’ (म्हणजे १०० मिलिलिटरमधील जिवाणूंची अंदाजी संख्या) या मथळ्याखाली एक आकडा, आणि खाली उजवीकडे ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ असा शिक्का. पाणी उकळून प्यावे की अजिबात पिऊ नये, विहिरीत काय टाकावे, पुन्हा कधी तपासावे, यातले काहीही नाही. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ स्पष्ट सांगते की पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय किंवा उष्णतारोधी कोलिफॉर्म हे विष्ठेशी संबंधित जिवाणू अजिबात आढळता कामा नयेत. थोडे चालतील, अशी सूट त्यात नाही. हे एक वाक्य मराठीत छापायला किती खर्च येतो? ई. कोलाय सापडणे म्हणजे माणसाची किंवा जनावराची विष्ठा नुकतीच त्या पाण्यापर्यंत पोहोचली आहे, आणि जिथून ती आली तिथून टायफॉइड, कॉलरा, कावीळही येऊ शकते, एवढे समजले तरी घरातली बाई त्याच दिवशी पातेले चुलीवर ठेवील.

हे सांगणारे कोणी नसल्यामुळे ती जागा भलत्यांनी घेतली आहे. आरओ विकणारा मुलगा घरी येतो, पेल्यात टीडीएस मीटर बुडवतो आणि आकडा दाखवून पाणी ‘शुद्ध’ किंवा ‘खराब’ ठरवतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. बोअरचे पाणी जड आहे का, साबणाला फेस येईल का, याचा अंदाज त्यावरून बांधता येईल; पण त्या मीटरला एकही जिवाणू दिसत नाही. टीडीएस कमी असलेले, थंड, नितळ, चवीला गोड पाणी विष्ठेतील जिवाणूंनी भरलेले असू शकते. शिकल्यासवरलेल्या सोसायट्यांमध्येही वर्षातून एकदा क्षारांची तपासणी करून ‘पाणी तपासले आहे’ असे सूचना फलकावर लावले जाते. या गैरसमजाने लोकांना खोटा दिलासा मिळतो, आणि मला तो दूषित पाण्याइतकाच घातक वाटतो.

टँकरविषयी थोडक्यात लिहिते. उन्हाळ्यात शहराच्या कडेच्या सोसायट्यांना पाणी देणारे कित्येक टँकर खासगी विहिरी आणि बोअरवरच भरतात. म्हणजे ज्या विहिरी ‘कक्षेत येत नाहीत’, त्यांचे पाणी चार-पाच किलोमीटर प्रवास करून शेकडो कुटुंबांच्या जमिनीखालच्या टाक्यांत पडते. विकले जाणारे पाणी खासगी कसे राहते, हे मला खरोखर समजत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही नव्या शोधाची गरज नाही.

पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक खासगी विहिरीची आणि बोअरची नोंद करावी. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहेच. नोंदीत ‘पिण्यासाठी वापर आहे का’ आणि ‘किती घरे वापरतात’ हे दोन रकाने असावेत, आणि जिथे एकाहून अधिक कुटुंबे पाणी पितात ती विहीर तपासणीच्या दृष्टीने सार्वजनिक मानावी.

अशा प्रत्येक स्रोताची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, म्हणजे वर्षातून किमान दोनदा, विनामूल्य जिवाणू तपासणी व्हावी. एका वेळी आलेला चांगला अहवाल म्हणजे वर्षभराचा दाखला नव्हे. कोरड्या दिवसांत निर्धोक असलेली विहीर जुलैत दूषित होऊ शकते. सर्व विहिरींचे नमुने एकदम प्रयोगशाळेत नेणे जड जात असेल तर पहिली चाळणी हायड्रोजन सल्फाइडच्या बाटलीने करावी. १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच मांडलेली ही पद्धत अतिशय स्वस्त आहे. बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवायचे; विष्ठेशी संबंधित जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. मी ती वर्गात मुलांकडून करून घेत असे, आणि काळी पडलेली बाटली पाहिल्यावर जुलाब कशाने होतात हे त्यांना फळ्यावर लिहून सांगावे लागत नसे. या चाचणीला मर्यादा आहेत, पाण्यात मुळातच सल्फाइड असेल तर ती फसवू शकते, आणि काळे न पडलेले पाणी निर्धोकच आहे अशी हमीही ती देत नाही. म्हणून अंतिम निर्णय प्रयोगशाळेचाच असावा. पण कोणत्या विहिरीकडे आधी धाव घ्यायची हे ती नक्की सांगते. जलजीवन मिशनमध्ये खेडोपाडी महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण दिले जाते. आमच्या वस्त्यांतल्या बचत गटांना ते का देऊ नये?

प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात आणि दवाखान्यात निर्जंतुक बाटल्या, नमुना घेण्याच्या सूचनांचे मराठी पत्रक आणि नमुने स्वीकारण्याचे ठरलेले वार व वेळ असावी. तिथून प्रयोगशाळेपर्यंत बर्फाच्या पेटीतून नमुने नेण्याचे काम यंत्रणेने करावे, नागरिकांनी नव्हे.

अहवाल मराठीत द्यावा आणि तो वाईट आल्यास सोबत माणूस पाठवावा. मला ही सर्वांत महत्त्वाची मागणी वाटते. टीसीएल टाकणे सोपे दिसते, पण मापात चुकले तर निरुपयोगी ठरते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते सुमारे ६३ हजार लिटर भरते. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर एका वेळेला सुमारे १६० ग्रॅम लागते, आणि पाणी गढूळ किंवा फार दूषित असेल तर त्याहून अधिक. तीही पावडर ताजी हवी. ओलसर खोलीत तोंड उघडे ठेवलेल्या पोत्यातली टीसीएल महिन्याभरात आपला जोर गमावते, आणि मग टाकूनही न टाकल्यासारखी होते. पावडर पाण्यात कालवून, वरची निवळी विहिरीत खोलवर मिसळून, तासभर थांबून ओटी टेस्टने (रंगावरून क्लोरिन ओळखण्याच्या चाचणीने) उरलेला क्लोरिन पाहावा लागतो; तो घरातल्या नळापर्यंत किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उरला पाहिजे. हे एकदा कोणीतरी येऊन करून दाखवले तर पुढे आम्ही करू. आलेल्या माणसाने ओटा, कठडा आणि आसपासचे ड्रेनेजही पाहावे, कारण दूषित पाण्याची वाट बुजवली नाही तर पावडर किती दिवस टाकत राहणार? ड्रेनेज फुटलेले आढळले तर त्याची दुरुस्ती ठरावीक मुदतीत व्हावी.

टँकर भरणाऱ्या प्रत्येक विहिरीची तपासणी दरमहा व्हावी, ताज्या अहवालाची तारीख आणि निकाल टँकरच्या पाठीवर मराठीत लिहिलेला असावा, आणि तो नसेल त्या टँकरला पिण्याचे पाणी विकू देऊ नये.

खर्चाचा प्रश्न निघेल म्हणून लिहिते. अतिदक्षता विभागातल्या एका रुग्णाचे एका आठवड्याचे बिल ज्यांनी भरले आहे, त्यांच्यापुढे पाणी तपासणीचा खर्च मोजून दाखवण्याची मला गरज वाटत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे, आणि त्या कर्तव्यातून खासगी विहिरीचे पाणी पिणारा नागरिक वगळलेला नाही.

विहीरमालक म्हणून आमच्याही जबाबदाऱ्या आहेत आणि त्या मी नाकारत नाही. विहिरीवर जाळी बसवणे, ओट्यावर कपडे धुणे आणि जनावरे धुणे बंद करणे, तडे गेलेले बांधकाम सिमेंटने भरणे, तपासणीला आलेल्या माणसाला अडवणूक न करता पंप आणि टाकी उघडून देणे, आणि अहवाल वाईट आला तर तो भाडेकरूंपासून न लपवणे, हे आमचे काम आहे. यांतले जे आमच्या वस्तीत करणे शक्य होते ते आम्ही सुरू केले आहे. अहवाल येईपर्यंत पाण्याला खळखळून उकळी आल्यावर आणखी निदान एक मिनिट ते उकळू द्यावे आणि झाकून ठेवावे, असे मी घरोघरी जाऊन सांगते आहे.

पावसाळ्यानंतरच्या तपासणीची वेळ आता जवळ येत आहे. त्याआधी या पत्राचे लेखी उत्तर मिळावे. त्यात खासगी विहिरींच्या जिवाणू तपासणीची जबाबदारी कोणत्या विभागाची आहे, त्या विभागातल्या कोणत्या पदावरील अधिकाऱ्याकडे नागरिकांनी जायचे आणि पहिली फेरी कोणत्या तारखेला सुरू होणार, या तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. जबाबदारी कोणाचीच नाही असे उत्तर असेल, तर तेही कृपया सही-शिक्क्यानिशी द्यावे, म्हणजे ते घेऊन आम्हाला पुढे दाद मागता येईल.

कळावे,

आपली,
सिंहगड रस्ता परिसरातील एक विहीरमालक व रहिवासी